परत येणारी कुटुंबे आधी मोजा, वाढीचा विचार त्यानंतर करा

राजापूर तालुक्यातील एका तरुण उद्योजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन हंगामांपूर्वी त्यांनी बागायतदारांच्या हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्यातील घरी पोहोचवणारे ॲप सुरू केले. पहिल्या हंगामात ३४० कुटुंबांनी आंबा घेतला आणि दुसऱ्या हंगामात ९०० कुटुंबांनी, मात्र या ९०० मध्ये आदल्या वर्षीची कुटुंबे केवळ ६१ होती. आता एक गुंतवणूकदार पैसे घालायला तयार आहे आणि काजू, कोकम व मासळी यांचीही विक्री सुरू करावी असा त्याचा आग्रह आहे. आपल्याला प्रॉडक्ट-मार्केट फिट साधले आहे का, आणि आता वाढण्याची वेळ आली आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते ते अजून साधलेले नाही. पण त्याचा माग तुमच्याच आकड्यांत आहे, आणि तो ९०० मध्ये नसून ६१ मध्ये आहे.

'प्रॉडक्ट-मार्केट फिट' ही संज्ञा अमेरिकी गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांच्या २००७ मधील लेखनामुळे सर्वत्र पोहोचली आणि तिचे श्रेय त्यांनी स्वतः अँडी रॅचलेफ या दुसऱ्या गुंतवणूकदाराला दिले होते. तिचा आशय साधा आहे: गरज असलेला चांगला बाजार असावा आणि ती गरज भागवणारी वस्तू तुमच्याकडे असावी. या दोहोंचा मेळ बसला की लोक वस्तू मागत येतात, आणि तो बसलेला नसेल तर प्रत्येक विक्रीसाठी तुम्हालाच धडपडावे लागते. तुमची ८३९ नवी कुटुंबे जाहिरातीवर खर्च करून आली असतील तर ती तुमच्या धडपडीचे फळ आहेत. ६१ कुटुंबे मात्र जाहिरात न पाहता, एकदा आंबा खाऊन परत आली.

मी स्वतः सिंधुदुर्गातील लहान काजू प्रक्रिया उद्योगांसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर तयार करतो, आणि हीच चूक मी पूर्वी केलेली आहे. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये काजू बीची खरेदी, उतारा (बीमागे किती गर निघाला ते प्रमाण), प्रतवारीनुसार साठा, बिले, जीएसटी असे सर्व काही होते. १४ कारखानदारांनी ते घेतले आणि सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. दीड महिन्याने नोंदी तपासल्या तेव्हा ११ जणांनी पहिल्या आठवड्यानंतर ते उघडलेही नव्हते. उरलेल्यांपैकी वेंगुर्ल्याकडील एक कारखानदार रोज न चुकता वापरत होते, पण फक्त एकच पान: सोलणी करणाऱ्या महिलांनी दिवसभरात किती किलो गर सोलला, त्याची नोंद. मी त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस बसलो. मजुरी किलोवर ठरते, ती आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी द्यायची असते, आणि वहीतील खाडाखोडीवरून दर आठवड्याला वाद होत असत. त्या वादामुळे चांगल्या हाताच्या महिला दुसऱ्या कारखान्यात निघून जात, ही त्यांची खरी चिंता होती. उताऱ्याच्या हिशोबाची चिंता आम्ही त्यांच्यासाठी कल्पिली होती.

आम्ही बाकी सर्व बाजूला ठेवले. वजनकाटा जोडला, संध्याकाळी प्रत्येक महिलेच्या फोनवर तिच्या दिवसाच्या वजनाचा संदेश जाईल अशी सोय केली, आणि एवढेच विकायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात एका संध्याकाळी आमची यंत्रणा बंद पडली, तेव्हा आठ वाजेपर्यंत नऊ कारखानदारांचे फोन आले, त्यांपैकी काही रागावलेले होते. आधीच्या सर्व कौतुकापेक्षा त्या नऊ फोनांनी मला अधिक सांगितले. त्यानंतर ज्यांच्याकडे आम्ही कधी गेलो नव्हतो असे शेजारच्या गावांतील लोक स्वतःहून विचारू लागले.

म्हणून तुम्हीही कौतुकाकडे लक्ष देऊ नका. आपल्याकडे कोणी तोंडावर वाईट बोलत नाही. "बरं आहे, बघूया" हा कोकणात बहुतेक वेळा नकार असतो, आणि मुंबईतील नातेवाईक आपल्या गावच्या मुलाला उत्तेजन म्हणून एक पेटी घेतात. नव्या कंपन्यांच्या वाढीवर काम करणारे शॉन एलिस यांनी यासाठी एक प्रश्न रूढ केला: ही वस्तू उद्यापासून मिळाली नाही तर तुम्हाला कसे वाटेल? वापरणाऱ्यांपैकी ४० टक्के किंवा अधिक लोकांनी "फार निराशा होईल" असे सांगितले, तर मेळ बसत असल्याचे त्यांनी मानले. सुपरह्यूमन या ईमेल सेवेचे संस्थापक राहुल व्होरा यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा ते प्रमाण २२ टक्के होते. त्यांनी सर्वांना खूश करण्याचा प्रयत्न केला नाही. ज्यांना फार निराशा होणार होती त्यांना नेमके काय आवडते हे शोधून ते आणखी बळकट केले, आणि त्यांच्यासारखेच पण थोडे साशंक असलेले लोक कशासाठी अडले आहेत तेवढे दुरुस्त केले. पुढे ते प्रमाण ५८ टक्क्यांपर्यंत गेले.

तुमच्या बाबतीत मी प्रश्नाचे रूप थोडे बदलेन, कारण हापूस ही रोजची वस्तू नाही. "पुढच्या वर्षी घ्याल का?" असे विचारू नका, त्याचे उत्तर सर्वजण "हो" असेच देतील. गेल्या हंगामात त्यांनी एकूण किती पेट्या घेतल्या, कोणाकडून घेतल्या, तुमच्या पेटीनंतरची पेटी कोठून आणली, एवढेच विचारा. मार्च ते मे या काळात आंब्याची आवड असलेले कुटुंब दोन-तीन पेट्या सहज घेते. त्यामुळे परत येण्याचे मोजमाप करण्यासाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही. पहिली पेटी संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत दुसरी मागवणारी कुटुंबे किती, हा आकडा तुम्हाला एप्रिलमध्येच हाती मिळेल. तो प्रत्येक आठवड्याच्या ग्राहकांसाठी वेगळा काढा, सर्वांची सरासरी काढू नका, कारण नव्या ग्राहकांची भर पडत राहिली की सरासरीत गळती झाकली जाते.

न परतलेल्या २७९ कुटुंबांना तुम्ही स्वतः फोन करावा, नोकराकरवी किंवा फॉर्म पाठवून नव्हे. माझा अंदाज असा आहे की किंमत हे कारण थोड्यांकडूनच येईल. अधिक वेळा "चार फळे आतून साक्याची निघाली", "पेटी एकदम पिकली", "हा खरोखर आपल्याकडचाच हापूस आहे का याची खात्री वाटली नाही" अशी उत्तरे मिळतील. साका, म्हणजे फळाच्या आतील गर पांढरट व स्पंजासारखा होणे, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तक्रार न ऐकून घेणारा विक्रेता दुसऱ्या वर्षी ग्राहक गमावतो आणि त्याला कारणही कळत नाही. खात्रीचा प्रश्न तर या व्यवसायाच्या मुळाशीच आहे. परराज्यातील आंबा हापूस म्हणून खपवला जातो हे ग्राहकाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तुमचे बागायतदार त्या मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते आहेत का, आणि पेटीवर बागेचे व गावाचे नाव आहे का, हे आधी पाहा. कदाचित ती ६१ कुटुंबे तुमच्याकडून आंब्याबरोबर ही खात्रीच विकत घेत असतील. तसे असेल तर ॲपमधील निम्म्या सोयी अनावश्यक आहेत.

आता बागायतदारांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख जवळजवळ नाही आणि मला सर्वांत मोठा धोका तेथेच दिसतो. दलाल कमिशन घेतो आणि आपण घेत नाही, म्हणून बागायतदार आपल्याकडे येईल, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. बागायतदाराच्या जागी बसून पाहा. पावसाळ्यानंतर मोहोराच्या वेळी फवारण्या, राखणदार, नंतर खोके आणि गवत, यांसाठी त्याला रोख रक्कम लागते, आणि ती उचल वाशीच्या घाऊक बाजारातील दलाल देतो. दुसरे असे की दलाल सर्व माल घेतो: मोठे फळ, लहान फळ, थोडा डाग असलेले फळ. तुम्ही मात्र निवडक मोठी फळे घेता आणि उरलेला माल त्याच्या पडवीत राहतो, जो नंतर दलालाकडे किंवा किलोच्या भावाने कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला, द्यावा लागतो. निवडक फळ काढून घेतलेल्या मालाला वाशीत भावही कमी मिळतो. थोडक्यात, तुम्ही बागायतदाराला पेटीमागे चार पैसे जास्त देता, पण त्याचे एकूण वर्ष कदाचित सुधारत नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या ओळखीच्या अनेक बागायतदारांनी मुंबईतील गृहसंकुलांना थेट पेट्या दिल्या आणि आता दलाल संपला असे सर्वांना वाटले. पुढील दोन वर्षांत त्यांपैकी बरेच जण उचलीसाठी पुन्हा त्याच दलालाकडे गेले. अडचणीमुळे निर्माण झालेल्या मागणीला मेळ समजण्याची ही चूक फार सहज होते.

यावर तुमचे भांडवल दलालाइतके होईपर्यंत थांबणे हा उपाय नाही. बसची तिकिटे ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसचे उदाहरण येथे उपयोगी आहे. २००६ मध्ये फणींद्र सामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसमालकांना सॉफ्टवेअर देऊ केले, तेव्हा मालकांना त्यात रस नव्हता. मग त्यांनी काही आसने विकून देण्याची परवानगी मागितली, जी देण्यात मालकाचे काहीच जात नव्हते. तुम्हीही बागायतदाराची संपूर्ण बाग मागू नका. पाच-सहा बागायतदार निवडा, त्यांच्या दलालाला न दुखावता देता येईल असा ठरावीक माल, समजा आठवड्याला २० पेट्या, आगाऊ ठरलेल्या भावाने घ्या, आणि त्यात मोठ्या फळांबरोबर मध्यम फळेही घ्या. मध्यम फळांसाठी वेगळा ग्राहक असतो. रस करणाऱ्या कुटुंबाला फळाच्या आकाराचे विशेष काही नसते. पैसे त्याच आठवड्यात खात्यावर जमा करा. वाशीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, उशिरा येते आणि तिच्यातील वजावटी समजत नाहीत, ही तक्रार मी दर घरी ऐकली आहे. येथे तुम्ही दलालापेक्षा खरोखर चांगले ठरू शकता.

या हंगामात स्वतः आढी लावा, असे मी आग्रहाने सांगेन. भाताच्या पेंढ्यात फळे कशी पिकतात, कोणत्या दिवशी काढलेले फळ कोणत्या दिवशी खाण्याजोगे होते, हे तुमच्या हाताला कळल्याशिवाय तुमचे ॲप ग्राहकाला योग्य तारीख सांगू शकणार नाही. लोकांची घरे पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांची छायाचित्रे स्वतः काढली होती. हजारो घरांसाठी असे करता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होते, पण त्यातूनच ग्राहक कशामुळे थांबतो हे त्यांना दिसले.

गुंतवणूकदाराच्या सूचनेविषयी माझे मत स्पष्ट आहे. मासळी आता आणू नये. तिचा बर्फ, तिची वाहतूक, तिचे नाशवंतपण हा वेगळाच व्यवसाय आहे, शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे आंबा संपताच तुमची ही बाजूही बंद होईल. काजूगर आणि कोकम टिकाऊ आहेत, आणि ६१ कुटुंबांपैकी पुष्कळांनी स्वतःहून मागितले तर जून ते फेब्रुवारी या रिकाम्या काळासाठी ते योग्य ठरतील. मागितलेच नाही तर तेही थांबवा.

पैसे घेण्याआधी एका पेटीचा हिशोब कागदावर मांडा. समजा बागायतदार, खोके, वाहतूक आणि खराब फळांची भरपाई जाऊन पेटीमागे ३०० रुपये उरतात आणि एक नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीत ४०० रुपये लागतात. तो एकच पेटी घेणार असेल तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे १०० रुपये तोटा आहे, आणि गुंतवणुकीच्या पैशाने तुम्ही तो तोटा अधिक वेगाने कराल. तोच ग्राहक हंगामात तीन पेट्या घेऊन पुढच्या वर्षीही परतत असेल, तर जाहिरातीवर केलेला खर्च योग्य आहे. याचाच अर्थ, वाढीचा प्रश्न परत येण्याच्या आकड्यावर सुटतो.

वाढायचे झाल्यास गोवा किंवा बंगळूरूकडे न पाहता तुमची ६१ कुटुंबे कोणत्या भागांत राहतात ते नकाशावर मांडा. समजा त्यांतील बारा डोंबिवलीच्या दोन-तीन संकुलांत असतील, तर तेथे एका वेळी एक टेम्पो जाईल, वाहतूक स्वस्त होईल, आणि शेजाऱ्याच्या घरी दरवळणारा आंबा कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम करेल. शिवाय बाहेरचे भांडवल घेतल्यावर दरवर्षी अनेक पटींनी वाढण्याची अपेक्षा असते, आणि हापूसच्या झाडाला तो वेग मान्य नाही. झिरोधासारखी शेअर दलालीची कंपनी २०१० पासून बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय उभी राहिली. तुम्हीही एक हंगाम स्वतःच्या पैशावर काढू शकत असाल तर गुंतवणूकदाराला जूनपर्यंत थांबायला सांगा.

मोहोर धरू लागण्याआधी २७९ फोन पूर्ण होऊ शकतील, रोज दहा केले तरी महिनाभर पुरेल. मिळालेली उत्तरे जशीच्या तशी, ग्राहकाच्या शब्दांत लिहून ठेवा आणि नावे काढून येथे मांडा. दुसऱ्या पेटीचा आकडा एप्रिलअखेर आला की गुंतवणूकदाराला काय उत्तर द्यायचे ते आपण त्यावरून ठरवू.