महिरप, मिहराब आणि कमान

प्रश्न असा आहे : विजापूरच्या जामा मशिदीच्या वर्णनांत 'महिरप' हा शब्द कधी दर्शनी कमानींसाठी येतो, तर कधी आतल्या सोनेरी कोनाड्यासाठी. यातलं बरोबर कोणतं?

मूळ अर्थ कोनाड्याचा. अरबी 'मिहराब' म्हणजे मशिदीत मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतला कोनाडा. इमाम त्याच्यासमोर उभा राहून नमाज पढवतो. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून इथल्या मशिदींत तो पश्चिमेच्या भिंतीत असतो. अगदी सुरुवातीच्या मशिदींत असा कोनाडा नव्हता. खलिफा पहिला वलीद याने ७०७ ते ७०९ च्या दरम्यान मदिनेची मशीद नव्याने बांधवली, तेव्हापासून खोलगट मिहराब रूढ झाला असं मानतात.

मराठीत येताना शेवटच्या 'ब'चा 'प' झाला आणि अर्थ कोनाडा सोडून त्याच्या माथ्यावरच्या वळणावर जाऊन बसला. वाड्यातल्या सुरूच्या खांबांमधली लाकडी महिरप, गणपतीच्या मखराची महिरप, पंगतीत ताटाभोवती काढलेली रांगोळीची महिरप, गणिताच्या वहीतला महिरपी कंस. यांत खोली कुठेच नाही. राहिली ती नागमोडी कड. परक्या शब्दातलं डोळ्यांत भरणारं तेवढंच मराठीने उचललं, हे मला फार लोभस वाटतं.

'कमान' मात्र फारसीतली. तिथे तिचा अर्थ धनुष्य. मराठीत कमान भार पेलते, महिरप शोभा आणते; व्यवहारात सरमिसळ होते, पण कान हा फरक ओळखतो. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची मशीद पाहा. तिला उघडं अंगण नाही, सगळी इमारत छपराखाली, आणि कडेच्या ओवऱ्यांत रुंद, बुटक्या, बिननक्षीच्या कमानी. त्यांना महिरप म्हणायला जीभ वळणार नाही.

विजापूरची मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली, १५७६ च्या सुमाराची. नमाजाच्या दालनाला अंगणाकडून नऊ कमानी आहेत. त्यातली फक्त मधली पाकळ्यापाकळ्यांच्या कडेची, बाकीच्या साध्या. मराठी अर्थाने त्या ओळीतली खरी महिरप ती एकच! तिच्यातून सरळ आत गेलं, की घुमटाखालून समोर मिहराब येतो. त्यावरचं सोनेरी आणि रंगीत काम नंतरचं, मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत १६३६ साली झालेलं. तो पाहायला मिळाला तर सोन्यावरच नजर अडकू देऊ नका. भोवती खोट्या फडताळांची चित्रं आहेत : रंगवलेल्या कोनाड्यांत रंगवलेली पुस्तकं आणि फुलदाण्या. सपाट भिंतीवर खोलीचा आभास आणि मधोमध खराखुरा खोल कोनाडा, ही जोडणी मला घुमटाइतकीच मोलाची वाटते.

तेव्हा लिहिताना मक्केच्या दिशेच्या कोनाड्याला 'मिहराब'च म्हणावं. त्याला 'महिरप' म्हणणं व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक नाही, पण मराठी वाचकासमोर कोनाड्याऐवजी मखर उभं राहतं. दर्शनी ओळीला 'कमानी' म्हणावं, आणि 'महिरप' त्या मधल्या पाकळीदार कमानीसाठी राखून ठेवावी.