मुगाचं नवं वाण तयार करायला झाडं निवडताना थेट उत्पादन बघावं की शेंगांची संख्या?

संकरानंतरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत एकेका झाडाच्या उत्पादनावर फार विसंबू नका. जमिनीचा ओलावा, दोन झाडांतलं अंतर, कडेची जागा यांनी ते इतकं हलतं की त्यातलं आनुवंशिक किती हे कळतच नाही. शंभर दाण्यांचं वजन त्या मानाने स्थिर असतं, त्यावरची निवड पुढच्या पिढीत टिकते.

तरी माझा भर शेंगांवरच. हिशोब करून बघा: झाडाला २५ शेंगा, शेंगेत ११ दाणे, शंभर दाण्यांचं वजन ४ ग्रॅम, म्हणजे ११ ग्रॅम उत्पादन. पाच शेंगा वाढल्या तर १३.२ ग्रॅम. शेंगेत एक दाणा वाढला तर फक्त १२. अर्थात हे कागदावर. शेंगा वाढल्या की दाणा बारीक होऊ शकतो, म्हणून दोन्ही एकत्र तोलायचं. आणि शेंगा एकदम पिकतात का तेही बघा, नाहीतर तोडणीच्या तीन-तीन फेऱ्या!

पण निवडायला आधी झाडाझाडांत आनुवंशिक फरक हवा. मूग स्वपरागित, फूल उमलायच्या आधीच परागीभवन उरकतं. त्यामुळे शुद्ध वाणात कितीही निवड केली तरी हाती काही लागत नाही. आनुवंशिकदृष्ट्या दूरच्या वाणांचा संकर करावा लागतो. दुसऱ्या वाणाचे पराग लावायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, आणि बहुतेक कळ्या तरीही गळतात.