पहिलीतील मुलगी मराठी अस्खलित वाचते, पण ‘शिप’ हा इंग्रजी शब्द ‘स्-हिप’ असा वाचते. एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या तिला कशा शिकवाव्यात आणि किती दिवस लागतील?

मुलगी मराठी अस्खलित वाचते आणि तरीही इंग्रजीत अडते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते ती मराठी अस्खलित वाचते म्हणूनच अडते. देवनागरीत दोन व्यंजने जोडली की बहुधा दोन्ही ऐकू येतात, ‘प्राण’मध्ये प् आणि र् दोन्ही उच्चारावे लागतात, आणि हा नियम पक्का झालेले मूल तोच इंग्रजीला लावते. अशा मुलाला एस-एच म्हणजे इंग्रजीतले जोडाक्षर असे सांगणे साफ चुकीचे आहे. जोडाक्षराशी नाते सांगायचे तर ते ‘स्टॉप’मधल्या एस-टीचे आहे, कारण तिथे दोन्ही ध्वनी शाबूत राहतात.

हे मी ठामपणे लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मी एका द्विशिक्षकी शाळेत शिकवत होते आणि दोन वर्षे फळ्यावर ‘इंग्रजी जोडाक्षरे’ असेच शीर्षक लिहीत होते. एके दिवशी दुसरीतल्या एका मुलाने विचारले, “बाई, जोडाक्षर आहे तर मग स् कुठं गेला?” मला उत्तर देता आले नाही. त्या मुलाच्या घरी दुभती जनावरे होती आणि शाळा सुटल्यावर तो म्हशी पाण्यावर नेत असे. त्याला रस्त्याने जाताना पाहिले आणि उत्तर मला तिथेच सापडले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘म्हैस’, ‘कोल्हा’, ‘उन्हाळा’ हे शब्द लिहिले आणि मुलांना तोंडासमोर तळहात धरून ते सावकाश म्हणायला लावले. म्ह लिहिताना म् आणि ह अशी दोन अक्षरे लागतात, पण उच्चारताना ओठ एकदाच मिटतात आणि श्वासासकट एकच ध्वनी बाहेर पडतो, हे मुलांनी स्वतः ताडून पाहिले. मग त्याच फळ्यावर एस आणि एच लिहून दोन्हींखाली एकच रेघ ओढली आणि विचारले, “खुणा किती? आवाज किती?” त्या मुलाने ‘शिप’ वाचला, नंतर न शिकवलेला ‘फिश’ही वाचला.

त्याच आठवड्यात तपासणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यांनी इंग्रजीच्या तासाला फळ्यावर म्हैस पाहिली आणि माझ्याविरुद्ध शेरा लिहिला. मुलांकडून ‘एस-एच श, सी-एच च’ असे रोज पाठ करून घ्या, असा त्यांचा आदेश होता. मला तो तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पाठांतराने मूल अक्षरांची नावे म्हणायला शिकते, आणि ‘एस, एच, आय, पी, शिप’ असे म्हणणारे मूल स्पेलिंग सांगत असते, वाचत नसते. खात्री करून घ्यायची असेल तर तिला ‘शॅब’, ‘चॉग’ असे अर्थहीन शब्द रोमन लिपीत लिहून द्या. इंग्लंडमध्ये २०१२पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची जी वाचनतपासणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी निम्मे मुद्दाम असेच बनावट असतात, कारण असा शब्द पाठ केलेला असण्याची शक्यताच नसते.

घरी खर्चिक साहित्य लागत नाही. पुठ्ठ्याचे चौकोन कापा, एका अक्षराला एक, परंतु एस-एच ही जोडी एकाच चौकोनावर लिहा, म्हणजे ती हाताळतानाही एकच वस्तू वाटते. आधी एस-एच, मग सी-एच, आणि टी-एच शेवटी घ्यावे, कारण आपल्या उच्चारात त्याचा ‘थिन’मध्ये थ होतो आणि ‘दॅट’मध्ये द. यालाही घाबरू नये: ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांत आपला च सुद्धा दोन तऱ्हांनी उच्चारला जातो आणि मुले त्यात अडखळत नाहीत. प्रत्येक शब्दाखाली देवनागरी लिहून देऊ नका, डोळे लगेच ओळखीच्या लिपीकडे वळतात.

काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. म्हैस आणि शिप यांचे साम्य अर्धेच आहे, कारण म्हमध्ये म ओळखू येतो, तर शमध्ये एसचा किंवा एचचा आवाज उरत नाही. ‘स्कूल’मधले सी-एच क होते, ते शब्द सध्या बाजूला ठेवावेत. श आणि स यांतला फरक मुलीला कानानेच कळत नसेल तर आधी श्रवणतपासणी करावी. दिवसांचा हिशेब मी देणार नाही; माझ्या वर्गात कुणाला आठवडा लागला, कुणाला दिवाळीची सुट्टी उलटावी लागली. आज संध्याकाळी तिला तळहात तोंडासमोर धरून ‘म्हैस’ म्हणायला सांगा, आणि ‘शिप’ त्यानंतर वाचायला द्या.