खांदा हलला नाही, तरी मी मागे गेलो

वाचकांचे प्रश्न : शरीर आणि व्यायाम

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. तरुणपणी पंचवटीतील एका तालमीत काही वर्षे माती अंगाला लावली आहे, त्यामुळे जोर कशाला म्हणतात हे मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. चिनी युद्धकलांतील ‘अंतर्गत शक्ती’, ‘ची’ (शरीरात वाहते असे मानलेली प्राणशक्ती) वगैरे प्रकारांना मी आजवर थोतांडच मानत आलो. गेल्या हिवाळ्यात गोल्फ क्लब मैदानावर सकाळी ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचा सराव करणाऱ्या एका साठीच्या गृहस्थांशी यावरूनच माझा वाद झाला. त्यांनी मला पाय रोवून उभे राहायला सांगितले, तळहात माझ्या छातीवर टेकवला आणि ‘तयार आहात ना?’ असे विचारले. मी तयार होतो. त्यांचा खांदा मागे गेला नाही, दंड फुगला नाही, श्वासही बदलला नाही. तरी मी दोन-तीन पावले मागे गेलो. वजनाने ते माझ्यापेक्षा बरेच हलके आहेत. पुन्हा करायला लावले, तेव्हाही तेच झाले. मग ज्याला मी थोतांड म्हणत होतो ते खरे मानायचे का, आणि मानायचे तर कुठवर?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण ‘दंड फुगला नाही’ हे आहे आणि ते तालमीत वावरलेला माणूसच करू शकतो. कुस्तीच्या सुरुवातीच्या झटापटीत, म्हणजे खडाखडीत, पहिलवान समोरच्याच्या मानेवर हात टाकतो तो केवळ पकड मिळावी म्हणून नव्हे. त्या हाताखाली समोरच्याचा खांदा कधी घट्ट होतो आणि वजन कोणत्या पायावर जाते हे त्याला कळत असते, आणि तेवढ्यावरच तो सावध होतो. आपल्या छातीवर टेकलेल्या तळहाताने ही वर्दी दिलीच नाही. वर्दी न देता जोर लावता येतो ही गोष्ट खरी आहे, ती शिकता येते आणि ती मान्य करण्यासाठी शरीरशास्त्राबाहेर जावे लागत नाही.

सर्वसाधारण माणूस ढकलतो तेव्हा कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू काम करू लागतो, पण सवयीने दंडाचा पुढचा, म्हणजे कोपर वाकवणारा स्नायूही आखडतो. एक पुढे रेटत असताना दुसरा मागे खेचतो. त्यामुळे ढकलणाऱ्याला आपण पराकाष्ठेचा जोर लावतो आहोत असे वाटते, प्रत्यक्षात समोर पोहोचतो तो त्याहून बराच कमी, आणि खांद्याची ती आखडण समोरच्याला आधीच कळते. ताई चीसारख्या पद्धतींतील संथ हालचाली आणि तासन् तास एका जागी उभे राहण्याचा सराव हे बऱ्याच अंशी हा उलटा लागणारा जोर सोडून देण्याचे शिक्षण आहे. तो सुटला की कामाला लागतात पाय. टाच जमिनीला मागे रेटते, जमीन तेवढ्याच बलाने पुढे रेटते आणि हे बल गुडघा, कंबर व पाठीवाटे तळहातात येते. ताई चीच्या जुन्या वचनांतही जोराचे मूळ पायांत आणि त्याचा ताबा कमरेकडे सांगितला आहे. बोटांत तो फक्त प्रकट होतो.

मात्र त्यासाठी मधला सांधा कुठेही ढिला असून चालत नाही. चिखलात रुतलेला टेम्पो ट्रॅक्टरने ओढताना दोर सैल असेल, तर पहिला हिसका दोर ताणण्यातच वाया जातो. त्या गृहस्थांनी तळहात टेकवला त्याच क्षणी स्वतःच्या मनगटापासून टाचेपर्यंतची आणि बहुधा आपल्याही शरीरातील ढील हलकेच काढून घेतली असावी. त्यानंतर कमरेची बोटभर हालचालही पुरते, आणि तेवढी हालचाल छातीवरच्या हाताकडे बघणाऱ्याला दिसत नाही. ब्रूस ली यांनी 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत दाखवलेला एका इंचाचा ठोसा याच जातीचा होता. इंचभर सरकत होती ती मूठ. गुडघे आणि कंबर त्याहून अधिक काम करत होते.

यात आपला वाटाही थोडा नाही. पाय जोडीने रोवून उभ्या असलेल्या माणसाचा मागेपुढे आधार जेमतेम पावलाच्या लांबीएवढा असतो आणि गुरुत्वमध्य त्याबाहेर न्यायला फार बळ लागत नाही. शिवाय ‘तयार’ होताना आपण अंग ताठ केले असणार, आणि ताठ अंग छातीवरचा जोर वाटेत कुठेही न जिरवता थेट टाचांपर्यंत पोहोचवते. अंग ढिले सोडलेला गडी उचलायला जड जातो, हे आपल्याला तालमीच्या हौद्यातून ठाऊक असेलच.

आता ‘ची’बद्दल. ऐकिडो ही जपानी युद्धकला शिकवताना तिचे गुरू कोइची तोहेई ‘न वाकणारा हात’ नावाचा प्रयोग करून घेत असत. मूठ आवळून हात ताठ धरला तर दुसरा माणूस तो वाकवू शकतो. हात सैल ठेवून ‘यातून काहीतरी वाहत दूर भिंतीपलीकडे जात आहे’ अशी कल्पना केली की तोच हात वाकवणे अवघड होते. येथे वाहत काहीच नाही. कल्पनेमुळे दंडाचा पुढचा स्नायू सैल राहतो, मागचा तेवढा काम करतो. ‘पुढचा स्नायू सोड’ अशी आज्ञा देऊन हे साधत नाही, कारण एकेका स्नायूला वेगळा हुकूम देण्याची सोय आपल्याकडे नाही. म्हणून ‘ची’कडे मोजता येणारा पदार्थ म्हणून पाहिले तर हाती काही लागत नाही, पण शिकवण्याची सूचना म्हणून पाहिले तर ती कामाची आहे.

आपल्यासारख्या यंत्रे जाणणाऱ्या संशयी वाचकाची येथे एक गफलत होण्याचा संभव असतो. ‘हे तर साधे पदार्थविज्ञान’ असे म्हटले की प्रकरण निकालात निघाले, असे त्याला वाटू लागते. बलांची आकृती आपण कागदावर पाच मिनिटांत काढाल, परंतु उद्या सकाळी त्याच गृहस्थांच्या छातीवर हात टेकवून ढकलायला गेलात तर खांदा आपोआप पुढे येईल. परिणाम पटला म्हणून ‘ची’ पटली पाहिजे असे नाही, तसेच ‘ची’ पटत नाही म्हणून त्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे घेतलेली मेहनतही खोटी ठरत नाही. ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’ ही विभागणी तरी कुठे शरीराने केली आहे? तिचा जुना उल्लेख चिनी विद्वान हुआंग झोंगशी यांनी 1669 मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखात सापडतो. ताई ची, शिंगयी आणि बागुआ या चिनी युद्धकलांना ‘अंतर्गत’ म्हणून एका कुटुंबात बसवण्याचे श्रेय मुख्यतः सुन लुतांग (1860–1933) यांच्या लेखनाला दिले जाते. आपल्याकडचे मुरलेले वस्तादही दंड न फुगवता पोराला लोळवतात, फक्त त्याला कोणी वेगळे नाव दिले नाही.

कुठवर मानायचे, याची सीमा आपल्या पत्रातच आहे. आपण उभे होतात, वाट पाहत होतात आणि पाय हलवत नव्हतात. झुंजीत यातले काहीच नसते. चीनमधील छंग्दू येथे एप्रिल 2017 मध्ये मुक्त झुंज खेळणारे शू शियाओदोंग यांनी ताई चीचे वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्याही आत खाली घातले. त्यावरून ताई ची खोटी ठरली असे म्हणणे घाईचे होईल. मार खाण्या-देण्याचा सराव नसेल तर कोणतीही शक्ती वेळेवर उपयोगी पडत नाही, एवढे मात्र त्यातून दिसले. पुढच्या भेटीत त्या गृहस्थांना विनंती करून खडाखडीसारखे फिरत राहा, पाय मोकळे ठेवा आणि अंग सैल सोडा. तरीही वर्दी न मिळता तोल गेला, तर त्यांच्याकडे शिकायला जाण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा जातो त्या युद्धकलेच्या वर्गातील प्रशिक्षक हात न लावता विद्यार्थ्यांना पाडून दाखवतात. मुले खोटे वागत असतील असे वाटत नाही. मग हे काय आहे?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुले खोटे वागत नसतीलही. गुरूचा हात हलला की पडायचे, हे रोजच्या सरावाने अंगवळणी पडते आणि पुढे पडणाऱ्यालाही आपण स्वतःहून पडलो हे उमगत नाही. जपानमधील यानागी र्‍युकेन यांचे शिष्य असेच लांबून कोसळत असत. 2006 मध्ये यानागी स्वतः बाहेरच्या एका लढवय्यासमोर उभे राहिले तेव्हा काही क्षणांतच त्यांना रक्तबंबाळ व्हावे लागले. वरच्या पत्रातील अनुभवात आणि यात फरक आहे तो स्पर्शाचा : स्पर्शच नसेल तर बल पोहोचायला वाटही नाही. प्रशिक्षकांना हाच प्रयोग मुलाच्या वडिलांवर करून दाखवायला सांगा. ‘अविश्वासी माणसावर चालत नाही’ असे उत्तर आले, तर पुढच्या महिन्याची फी भरू नका. पडण्याचे तंत्र तेथे नीट शिकवत असतील, तर तेवढे पूर्ण होईपर्यंत मात्र जाऊ द्या. ते सायकलवरून घसरतानाही उपयोगी पडते.