हातात पैसा की महिन्याला पेन्शन? वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: खासगी पेन्शन योजना घ्यावी की नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

वय २७. नुकतीच नोकरीत कायम झाले. एका विमा प्रतिनिधीने साठीनंतर तहहयात ‘गॅरंटीड’ पेन्शन देणारी योजना दाखवली. आकडा बघून डोळे फिरले. घेऊ का?

आकडा तेहतीस वर्षांनंतरचा आहे, म्हणून डोळे फिरले. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पैशाची किंमत साधारण दर बारा वर्षांनी निम्मी होते. तुम्ही साठीला पोचाल तेव्हा आजच्या शंभराला जेमतेम पंधराची किंमत उरेल. तेव्हा त्या तक्त्यातला मासिक पेन्शनचा आकडा सरळ सातने भागा आणि मग ठरवा, डोळे फिरतात का.

दुसरी गोष्ट खर्चाची. प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारा, ‘सगळं मिळून वर्षाला किती टक्के कापता?’ उत्तर लेखी घ्या. गुंतवणूक वर्षाला ७ टक्क्यांनी वाढते आणि अर्धा टक्का खर्चात जातो असं धरलं, तर आजच्या शंभराचे तीस वर्षांनी ६६१ होतात. खर्च दोन टक्के असेल तर तेच शंभर ४३२ वर थांबतात. दीड टक्का ऐकायला चिल्लर वाटतो, पण तो तुमच्या म्हातारपणाचा तिसरा हिस्सा घेऊन जातो.

मुळात दोन कामांची इथे गल्लत होते. पैसे जमवणं हे एक काम आणि जमलेल्या पैशाचं पेन्शनमध्ये रूपांतर करणं हे दुसरं. तुम्हाला सध्या फक्त पहिलं करायचं आहे. तुम्ही भराल तेवढीच भर मालकही घालणार असेल, तर ती योजना आधी आणि पूर्ण घ्या. तो पगाराचाच भाग आहे, सोडू नका. मग सहा महिन्यांचा खर्च सहज काढता येईल असा बाजूला ठेवा. त्यानंतर कमी खर्चाच्या निवृत्ती खात्यात, शेअरचा वाटा मोठा ठेवून, दरमहा भरत राहा. तहहयात पेन्शन विकत घ्यायची की नाही, हे साठीच्या सुमारास बघू. सत्ताविसाव्या वर्षी दिलेली ‘गॅरंटी’ बहुतेक वेळा तुम्हालाच महाग पडते.

वय ४४, स्वतःचा व्यवसाय. पैसे साठले की कुठे ना कुठे खर्च होतातच. मित्र म्हणतो, पेन्शन योजनेत पैसे अडकतात, नादी लागू नकोस.

अडकतात म्हणूनच तुम्ही नादी लागा! मित्राचा सल्ला ज्याचा हात आखडता आहे त्याच्यासाठी ठीक आहे. तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. हात सुटणाऱ्या माणसाला कुलूप लागतं, आणि किल्ली साठीपर्यंत दुसऱ्याकडे असलेली बरी.

व्यवसायाला मात्र मंदीचे महिने असतात. हप्ता चुकला म्हणून बंद पडणारी योजना घेऊ नका; रक्कम कमी-जास्त करता येईल अशीच घ्या. खेळतं भांडवल त्यात चुकूनही घालू नका. आणि आज मोठी रक्कम जमत नसेल तर पुढची वाढ गहाण ठेवा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीत हाच प्रयोग केला होता: पगार वाढला की वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाईल, असं कामगारांकडून आधीच कबूल करून घेतलं. सामील झालेल्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. तुम्हाला पगार नाही, पण नवं काम मिळालं की त्याच्या पहिल्या बिलातला ठरावीक हिस्सा योजनेत, असा नियम आजच लिहून टाकता येईल.

वय ६०. निवृत्तीची रक्कम एकदम हातात आली आहे. सगळी देऊन तहहयात पेन्शन घेतली तर वर्षाला सात टक्के मिळतील. मुलगा म्हणतो, व्याजाने तेवढं सुटेल, मुद्दल का घालवता? पत्नी म्हणते, महिन्याला ठरलेले पैसे येऊ देत, डोक्याला ताप नको. कोणाचं ऐकू?

दोघांचंही, अर्धं अर्धं.

आधी त्या सात टक्क्यांबद्दल. ते व्याज नव्हे. शंभर देऊन वर्षाला सात घेताना पहिली चौदा वर्षं तुमचेच पैसे तुम्हाला परत येत असतात. त्यानंतर निधन झालं आणि मुद्दल परत मिळण्याची अट नसेल, तर हिशेब तिथेच संपतो. पेन्शन पंचवीस वर्षं घेतली, तरी परतावा पाच टक्क्यांच्या जरा खालीच पडतो. गुंतवणूक म्हणून बघितलं तर चिरंजीव बरोबर आहेत.

पण ही गुंतवणूक नाही, विमा आहे. आयुर्विमा लवकर जाण्याचा असतो, हा उशिरा जाण्याचा. जे लवकर गेले त्यांच्या मुद्दलातून जे टिकले त्यांना पैसे मिळतात, आणि ही सोय कुठल्याच बँकेच्या ठेवीत नाही. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ बाईंचं उदाहरण बघा. १९६५ साली, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी आपलं घर एका नोटरीला दिलं. तुम्ही असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक देईन आणि नंतर घर माझं, असा करार. नोटरी तेव्हा ४७ वर्षांचा होता. तीस वर्षं पैसे भरून १९९५ मध्ये तोच वारला, आणि बाई १९९७ मध्ये, १२२ व्या वर्षी जाईपर्यंत त्याच्या बायकोला हप्ते भरावे लागले. घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले, आणि नोटरीला त्या घरात एक दिवसही राहता आलं नाही. पेन्शन घेताना तुम्ही बाईंच्या खुर्चीत बसता, नोटरीच्या नाही.

किती घ्यायची, हे वहीत काढा. घर, किराणा, औषधं, वीज: कधीच न थांबणारे खर्च. सरकारी किंवा जुन्या नोकरीची पेन्शन येत असेल ती वजा करा. उरलेल्या खड्ड्यापुरतीच पेन्शन विकत घ्या, बाकी रक्कम हातात ठेवा. पेन्शनही सगळी एकदम घेऊ नका. थोडी आज, थोडी ६५ ला, थोडी ७० ला. वय वाढलं की त्याच पैशात पेन्शन जास्त मिळते. एखादं मोठं दुखणं असेल तर थांबा आणि आधी विचारा. काही ठिकाणी आजारी माणसाला कंपन्या जादा दर देतात. सही झाल्यावर फेरविचाराचे मोजके दिवस सोडले तर माघार नसते, म्हणून घाई नको.

आता फॉर्मवरच्या चौकटींबद्दल, कारण खरा घोळ तिथे होतो. माझ्या नात्यातल्या एका काकांनी ‘फक्त स्वतःच्या हयातीपर्यंत’ या चौकटीत खूण केली. का, तर महिन्याची रक्कम थोडी जास्त होती. तीन वर्षांनी काका गेले आणि काकूंची पेन्शन पुढच्याच महिन्यात बंद झाली. कोणी फसवलं नव्हतं, चौकट स्वच्छ अक्षरात छापलेली होती. तो फॉर्म भरला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, आणि मीही रकमेकडेच बघत होतो. तेव्हा आग्रहाने सांगतो, ‘पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत’ हाच पर्याय घ्या. आकडा लहान दिसेल, दिसू द्या.

‘मुद्दल वारसांना परत’ हा पर्याय मुलांना आवडतो, पण त्यात पेन्शन कमी होते आणि विम्याचा अर्थच बराचसा निघून जातो. मुलांसाठी ठेवायचं ते वेगळं ठेवा. दरवर्षी वाढत जाणारी पेन्शन मिळत असेल तर तिचा जरूर विचार करा. पहिली काही वर्षं ती केविलवाणी वाटते, ऐंशीनंतर तीच उपयोगी पडते.

कंपनीच बुडाली तर?

भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीने १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला, तेव्हा पेन्शन निधीत पुरेसे पैसेच नव्हते. चाळिशी-पन्नाशीतल्या हजारो कामगारांच्या हाती हक्काच्या सुमारे १५ टक्केच रक्कम आली, आणि अनेक तरुणांना काहीच नाही. १९७४ चा तिथला पेन्शन संरक्षण कायदा येण्यामागे ही घटना मोठी होती. ब्रिटनची विमा कंपनी इक्विटेबल लाइफ तर १७६२ पासूनची. जुन्या पॉलिसीधारकांना दिलेली पेन्शनच्या दराची हमी तिला इतकी जड गेली की २००० च्या डिसेंबरात नवे ग्राहक घेणं तिने बंद केलं. जुनं नाव म्हणजे सुरक्षा, असं नसतं.

तीन गोष्टी तपासा. पैसे कंपनीच्या स्वतःच्या हिशेबापासून वेगळे, विश्वस्तांकडे असतात का? कंपनी बुडाल्यास भरपाई देणारी व्यवस्था तुमच्या देशात आहे का, आणि तिची मर्यादा किती? रक्कम त्या मर्यादेच्या वर जात असेल तर दोन कंपन्यांत का विभागू नये?

चार वर्षं हप्ते भरले. योजना महाग आहे हे आता कळलं. सोडली तर तोटा, भरत राहिलो तरी तोटा.

भरलेले पैसे विसरा. ते धरून हिशेब केला तर चुकणारच. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज सोडली तर किती मिळेल, हप्ते थांबवून योजना तशीच चालू ठेवली तर साठीला किती, आणि पूर्ण भरली तर किती. पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात हाती राहणारे किंवा वाचणारे पैसे कमी खर्चाच्या खात्यात टाकले तर काय होईल, तेही मांडा. बऱ्याचदा मधला पर्याय निघतो, आणि तो प्रतिनिधी आपण होऊन सांगत नाही. काही योजनांत ठरावीक वर्षांनंतर सोडण्याची कपात कमी होते. ते वर्ष जवळ आलं असेल तर तेवढं थांबा. आकडे हातात आले की पाठवा, एकत्र बसून बघू.