कान्हेरीला पहिल्यांदा जाताय? आधी गेट गाठा

पहिल्या खेपेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीतल्या मुख्य गेटपासून आतल्या कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता पुरे. शिलोंडा वगैरे जंगलातल्या वाटा नंतर. तिथे परवानगी लागते.

सोमवारी जाऊ नका. उद्यान बंद असतं आणि लेणीही.

चर्चगेटहून येत असाल तर बोरिवली स्लो पकडा. वेळ जास्त लागतो, पण गाडी तिथेच संपते; गर्दीच्या वेळी विरार फास्टमधून बोरिवलीला उतरणं म्हणजे वेगळाच ट्रेक. स्टेशनवर पूर्वेला उतरा. तिथून गेट चालत पंधरा-वीस मिनिटं. रिक्षावाल्याला 'कान्हेरी' नको, 'नॅशनल पार्क गेट' सांगा. अंधेरी पूर्वेकडून येणाऱ्यांनी गुंदवलीहून मेट्रो ७ घ्यावी, राष्ट्रीय उद्यान स्थानक हायवेवर गेटजवळच आहे.

नकाशा बघून ठाण्याहून येऊर गेटला पोचणारे बरेच भेटतात. उद्यान एकच, पण तिथून जंगलातून कान्हेरीला जायला खुला रस्ता नाही. बोरिवलीलाच या.

दुसरी चूक अंतराची. गेट म्हणजे लेणी नव्हे! पुढे सहा-सात किलोमीटर आहेत, शेवटी चढ, आणि तेवढंच परत. सकाळी आठच्या आत चालायला लागा. दमलात तर परतीला आतली बस बघा. लेण्यांचं तिकीट वेगळं, म्हणून सुटे पैसे ठेवा. माणशी दोन लिटर पाणी हवंच. खाऊ पिशवीत हातात धरू नका, माकडं हिसकावतात. सॅकमध्ये, चेन लावून.