मायर आडनावाचा शोध घेताय? आधी एवढं करा

स्वागत! छान आडनाव निवडलंत. मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे मोठा. मध्ययुगात जमीनदाराच्या वतीने शेती आणि वसुली पाहणारा कारभारी तो मायर. असे कारभारी गावोगावी होते, म्हणून हे आडनाव जर्मनीभर पसरलं. तेव्हा नुसतं आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका; नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच.

- एकाच स्पेलिंगला चिकटू नका. ‘ई-वाय’वालं रूप (Meyer) उत्तर जर्मनीत जास्त, ‘ए-आय’वालं (Maier) दक्षिणेत.
- ज्यू कुटुंबांत ते हिब्रू ‘मेईर’वरूनही आलेलं असतं.
- आडनावावरून विकली जाणारी कुलचिन्हं घेऊ नका.

सर्वांत आधी पूर्वजांचं गाव शोधा. १८७६ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी जर्मनीत सर्वत्र सरकारी आहेत. त्याआधीच्या बहुतेक चर्चच्या वह्यांत. त्या वह्यांतली जुनी जर्मन लिपी नंतर शिकता येईल. गाव सापडलं की जरूर कळवा!